दीड हजारासाठी टेक्निशियन गेला, असं वाटतं तेव्हा

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी: नागपुरात एसी सर्व्हिसिंगचा व्यवसाय, चौदा टेक्निशियन, त्यातले पाच वर्षभरात सोडून गेले. जाताना प्रत्येकानं दीड-दोन हजार जास्त मिळतात एवढंच सांगितलं. आता मालकानं जाहिरातींतून आणि इंटरनेटवरून पगाराचे आकडे गोळा केले आहेत. त्यावरून नव्या माणसाला किती पगार ठरवला म्हणजे तो टिकेल, हा त्यांचा प्रश्न.

मी याच धंद्यात आहे. वाडीला ऑफिस आहे आणि हिंगणा, बुटीबोरी, मिहान या पट्ट्यात आमची कामं असतात. माझं मत सरळ सांगतो. नव्याला किती द्यायचं हे नंतर बघा. जमवलेले आकडे आधी त्या नऊ जणांना लावून बघा जे अजून तुमच्याकडे आहेत. उद्या सकाळी यातला एकेक जण बाजारात उभा राहिला तर त्याला काय मिळेल, आणि तुम्ही त्याला काय देता? बहुतेक मालक बाजारभाव काढतात तो येणाऱ्यासाठी, आणि राहिलेल्याला मागच्या वर्षीच्या पगारावर पाच टक्के लावून मोकळे होतात. गळती तिथून सुरू होते.

हे शिकायला मला पैसे मोजावे लागले. 2018 च्या मार्चमध्ये सीझन तोंडावर होता आणि माणूस मिळत नव्हता. एक पोरगा आला, आयटीआय झालेला, तीन वर्षांचा अनुभव. एकोणीस हजार म्हणाला, मी हो म्हणालो. माझ्याकडे आठ वर्षं जुना एक सीनियर होता, ब्रेझिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या नळ्या तापवून जोडण्यात, त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा पगार होता सतरा हजार आठशे. पुढच्या महिन्यात पोह्याच्या ठेल्यावर त्या पोरानं बाइकच्या लोनसाठी लागणारी सॅलरी स्लिप खिशातून काढली आणि तर्रीचे डाग पडू नयेत म्हणून बाजूला धरली. बाजूला सीनियर बसला होता.

तो काही बोलला नाही. तीन दिवस नेहमीसारखं काम केलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी गॅसचा दाब मोजायचा मॅनिफोल्ड गेज पुसून, तिन्ही होज गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "भाऊ, हे तुमचं. मोजून घ्या." मी विचारलं, किती पाहिजेत? तर म्हणे, "पैशाचं सोडा. त्या पोराले नळी जोडणं म्या शिकवून राहिलो, अन् त्याची स्लिप माह्यापेक्षा भारी." त्याच संध्याकाळी मी वीस हजार देऊ केले. तो थांबला नाही. आकडा आठवडाभर आधी दिला असता तर ती पगारवाढ ठरली असती. आता त्याच्या लेखी ती भीक होती.

हिशेब बघा. महिन्याला बाराशेचा फरक, वर्षाचे 14,400. त्याच मे महिन्यात त्याच्या जागी पाठवलेल्यानं एका साइटवर व्हॅक्यूम नीट न काढता गॅस भरला, आत ओल राहिली आणि कॉम्प्रेसर बसला. तो बदलून देण्यातच मी वाचवलेले सगळे पैसे गेले, वर ग्राहकाची बोलणी खाल्ली ती वेगळी.

आता आकड्यांकडे येऊ. जाहिरातीतला पगार हा पगार नसतो. "25,000 पर्यंत" यातला "पर्यंत" हा शब्द मोठा ठग आहे. त्यात कधी ओव्हरटाइम धरलेला असतो, कधी पेट्रोल, कधी कंपनीच्या वाट्याचा पीएफसुद्धा. इंटरनेटवरच्या पगाराच्या साइटवर नागपूरचा एसी टेक्निशियन शोधलात तर मुंबई-पुण्याचे आकडे मिसळलेले मिळतात. सरकारच्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणातून रोजगाराचं मोठं चित्र कळतं, पण वर्धा रोडवरच्या व्हीआरएफवाल्याचा (म्हणजे बाहेरच्या एका युनिटवर अनेक खोल्या थंड करणारी यंत्रणा सांभाळणाऱ्याचा) भाव काही त्यात सापडायचा नाही. किमान वेतन हा तर कायद्यानं घातलेला तळ. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तो पाळायचाच, पण चांगला माणूस त्या तळाला मिळत नाही.

सगळ्यात खरा आकडा तुमच्या दारात चालत येतो. कामासाठी आलेला प्रत्येक उमेदवार, तुम्ही त्याला घ्या की न घ्या, बाजाराची बातमी घेऊन आलेला असतो. मी त्याला "पगार किती" असं विचारत नाही. महिन्याला बँकेत किती जमा होतात, पेट्रोल कोणाचं, सकाळी किती वाजता निघतोस आणि घरी किती वाजता पोचतोस, रविवारी बोलावलं तर वेगळे मिळतात का, दिवाळीला काय मिळालं, असं विचारतो. राजीखुशीनं दाखवणार असेल तर तीन महिन्यांच्या बँक एन्ट्री बघतो. त्यात फेब्रुवारीच्या पगाराची एन्ट्री मात्र धरू नका. दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर एरवी महिन्याला 200 कापतात, फेब्रुवारीत 300. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला कोणी ना कोणी "भाऊ, शंभर कमी आले" म्हणून माझ्याकडे येतोच.

हे एका वहीत लिहा: तारीख, काम, अनुभव, हातात किती, पेट्रोल, तास. नाव लिहू नका, त्याची गरज नाही. वर्षभरात पंचवीस-तीस नोंदी होतात, आणि विकत घेतलेल्या कुठल्याही अहवालापेक्षा त्या तुमच्या जास्त कामाच्या. जोडीला स्पेअर पार्टच्या दुकानाचा काउंटर आहेच. कॅपॅसिटर घ्यायला आलेली पोरं तिथं जे बोलतात ते इंटरव्ह्यूत बोलत नाहीत.

नोंदी झाल्या की सरासरी काढू नका. समजा नऊ आकडे आले: 15,500, 16,000, 17,000, 17,500, 18,000, 19,000, 20,000, 22,500 आणि 38,000. सरासरी येते जवळजवळ 20,400, म्हणजे नऊपैकी सात जण सरासरीच्या खाली. ते शेवटचे 38,000 कुठल्या तरी चिलरवाल्याचे, म्हणजे मोठ्या इमारतींची थंड पाण्यावर चालणारी यंत्रणा सांभाळणाऱ्याचे आहेत, त्यानं सगळा हिशेब वर ओढला. आकडे चढत्या क्रमानं मांडा आणि मधला घ्या: 18,000. त्याला मध्यक म्हणतात, शाळेत शिकवलेला आहे. मग वरून पाव भाग मोजा, तिथं वीस हजाराच्या आसपास येता. जो माणूस गेला तर तुमची झोप उडेल, त्याला या वरच्या टप्प्यावर ठेवा. बाकीच्यांना मधल्या आकड्याच्या आसपास ठेवलं तरी चालतं. सगळ्यांना बाजारात सर्वांत जास्त देणं ना तुम्हाला झेपेल, ना मला.

यात एक खड्डा आहे. हुद्द्याचं नाव बघून तुलना करू नका. एकाकडचा "सीनियर टेक्निशियन" दुसऱ्याकडे फिल्टर धुतो. मी कामानं वर्गवारी करतो. फक्त सर्व्हिसिंग आणि बसवणं करणारा एक. लिकेज शोधून स्वतः ब्रेझिंग करून आर-32 गॅस हाताळणारा दुसरा. तो गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे तिथं हात सफाईदार आणि डोकं थंड लागतं. इन्व्हर्टर एसीचं पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, तपासू शकणारा तिसरा. व्हीआरएफ आणि चिलरवाला चौथा. या चौघांचे बाजार वेगळे आहेत. पहिल्याच्या पगाराचा आकडा दाखवून चौथ्याशी घासाघीस करायला गेलात तर तो तुम्हालाच शिकवून जाईल.

हातात येणाऱ्या पैशांची तुलना मात्र सारख्या मापानं करा. माझा एक पोरगा साडेअठरा हजार सोडून एकवीस हजारावर गेला होता. इथं पेट्रोल आमचं होतं, तिथं त्याचं. त्याला रोज पन्नास किलोमीटर पडायचे, सव्वीस दिवसांचे तेराशे. बाइक पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते असं धरलं तर एकोणतीस लिटर. नागपुरात लिटरला शंभराच्या वर मोजतो आपण, म्हणजे महिन्याचे तीन हजार. अडीच हजार वाढले आणि तीन हजार गेले. दोन महिन्यांनी तो परत आला. मी घेतलं, पण चूक माझीही होती. हा हिशेब मी त्याला जायच्या आधी कागदावर दाखवलाच नव्हता. आता दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला एका पानावर दाखवतो: बँकेत इतके, पेट्रोलचे इतके, पीएफमध्ये माझे इतके, दिवाळीचे इतके. दाखवल्याशिवाय हे पैसे त्यांच्या लेखी नसतातच.

याच किलोमीटरच्या नोंदीतून मला एक फुकटची पगारवाढ सापडली. मानेवाड्याला राहणारा पोरगा रोज हिंगणा एमआयडीसीत जात होता आणि वाडीचा पोरगा मानेवाडा-बेसा करत होता. दोघांचे एरिया बदलले. दोघंही रोज तासभर आधी घरी पोचायला लागले. मेमध्ये पारा 45 च्या वर असताना दुपारी दोन वाजता हेल्मेट घालून बाइकवर एक तास कमी, याची किंमत रुपयांत काढता येत नाही, पण त्यानंतर दोघांपैकी कोणीच सोडायचं नाव काढलं नाही.

आता 21,000 चा आकडा. हा ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पगाराच्या मर्यादेचा आहे. त्या मर्यादेत असलेल्याचे 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो आणि घरच्यांसकट उपचार मिळतात. तुम्ही प्रेमानं एखाद्याचा पगार 20,600 वरून 21,400 केला की त्या सहामाहीचा काळ संपल्यावर तो त्यातून बाहेर पडतो. माझ्याकडच्या एकाच्या आईचं डायलिसिस ईएसआयवर चालू होतं. वाढीचं पत्र हातात दिलं तर त्याचा चेहरा उतरला. ती वाढ आम्ही तेव्हा थांबवली, आणि 21,000 ओलांडणाऱ्या सगळ्यांसाठी आधी ग्रुप मेडिक्लेम काढून मगच वाढ लावायचं ठरलं. वेतन संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, एकूण मोबदल्याच्या अर्ध्याच्या वर भत्ते गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे पगाराची फोड करताना तुमच्या पीएफ सल्लागाराला शेजारी बसवा, हे काम अंदाजानं करू नका.

पगाराच्या आकड्यांइतकंच सोडून जाण्याच्या तारखांकडे बघा. तुमचे पाच जण कोणत्या महिन्यात गेले ते प्रश्नात आलेलं नाही, ते आधी काढा. मी माझ्या दहा वर्षांच्या तारखा मांडल्या तर दोन ढीग दिसले. एक फेब्रुवारीच्या शेवटी, दुसरा जुलैत.

फेब्रुवारीचं कारण उघड आहे. सीझनच्या आधी सगळ्यांनाच माणसं हवी असतात आणि फोन फिरायला लागतात. आणि आपण पगारवाढ कधी देतो? एप्रिलमध्ये, आर्थिक वर्ष बदलतं म्हणून. ज्याला दुसऱ्याचा फोन फेब्रुवारीत आला, त्याला आपण एप्रिलचा वायदा दाखवतो. मी वाढ एक फेब्रुवारीला आणली. दोन महिन्यांचा जास्तीचा खर्च आला, पण मार्चमध्ये माणूस शोधत फिरण्याची धावपळ जवळजवळ थांबली.

जुलैचं कोडं सुटायला वेळ लागला. पावसाळ्यात बाजारात काम कमी, मग तेव्हा पोरं का जातात? मग एकाच्या चार महिन्यांच्या स्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या. मेअखेरीचा नवतपा चालू असताना ओव्हरटाइम धरून हातात 26,000. जुलैत 17,900. बाइकचा हप्ता तेवढाच, वर विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे वह्या-पुस्तकं आणि फी नेमक्या याच पगारातून. माझ्या दृष्टीनं मी त्याचा पगार कमी केला नव्हता. त्याच्या बायकोच्या दृष्टीनं आठ हजार कमी झाले होते. मग काय, गोदामात बारमाही काम देतो म्हणणारा कोणीही त्याला उचलतो.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. चिलरची ओव्हरहॉलिंग, हॉस्पिटलच्या एएमसीतली (वार्षिक देखभाल करारातली) डक्ट सफाई, जुन्या कॉइलची कामं मार्चमध्ये घुसडायचं बंद केलं आणि ग्राहकांशी बोलून जुलै ते सप्टेंबरमध्ये ढकलली. आणि सीझन पूर्ण करणाऱ्याला एक ठरलेली रक्कम, निम्मी जुलैच्या पगारासोबत आणि निम्मी दिवाळीच्या आधी. ही रक्कम ओव्हरटाइमच्या वर, वेगळी. कमावलेला ओव्हरटाइम अडकवून "टिकलास तर देतो" हा प्रकार काही ठिकाणी चालतो, तसाच आयटीआयची ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात ठेवायचाही. दोन्ही करू नका. कायद्याचं तर आहेच, पण अशानं फक्त तोच माणूस थांबतो ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाही.

आपले आकडे ठरले की ते लपवू नका. मी ऑफिसच्या भिंतीवर एक बोर्ड लावला: चार प्रकारचं काम, प्रत्येकाचा पगार इथपासून इथपर्यंत, आणि वरच्या पायरीवर जायला काय करून दाखवायचं. नावं नाहीत. तीन दिवस कोणी त्याविषयी चकार शब्द काढला नाही, मला वाटलं फसलो. चौथ्या दिवशी उमरेडहून येणारा एक सर्व्हिसिंगवाला पोरगा दारात घुटमळला. म्हणाला, "भाऊ, ब्रेझिंग जमलं तर एवढे होते का खरंच?" त्याला एका सीनियरसोबत जोडून दिलं आणि पाच महिन्यांत तो पायरी चढला. शिकवणाऱ्या सीनियरला वेगळे पैसे मिळतात, तेही बोर्डावर लिहिलेलं आहे. 2018 च्या त्या गेजची किंमत मी तिथं फेडतो असं समजा.

अर्थात बोर्ड लावण्याआधी जुन्यांचे पगार दुरुस्त करावे लागतात, नाहीतर तो बोर्डच तुमच्यावर उलटेल. त्याला पैसा लागतो. समजा नऊपैकी सहा जण दीड-दीड हजारानं मागे आहेत: महिन्याचे नऊ हजार, वर्षाचे 1,08,000, वर पीएफ. एकदम झेपत नसेल तर दोन टप्प्यांत करा, पण दुसऱ्या टप्प्याची तारीख पत्रात लिहून द्या. तोंडी आश्वासनं या धंद्यात सगळ्यांनीच ऐकून ठेवलेली असतात. आणि ही दुरुस्ती आणि महागाईची वाढ एकत्र करू नका. महागाईसाठी लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, त्यात नागपूर केंद्राचा आकडा वेगळा असतो. त्यावरून पोराचा किराणा किती महागला ते कळतं. बाजार त्याला किती देईल ते वहीतून कळतं. दोन्ही आकडे वेगळ्या दिशेनंही जाऊ शकतात.

नवीन माणसाची जाहिरात देताना "आकर्षक पगार" लिहू नका, तो शब्द वाचून कोणी फोन उचलत नाही. आकडा लिहा, पेट्रोल कोणाचं ते लिहा, एरिया लिहा, रविवारचं काय ते लिहा. फोन कमी येतील, पण येणारा माणूस घासाघीस न करता येईल. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून निघालेली पोरं घ्यायची असतील तर जाहिरातीवर विसंबू नका, तिथल्या निदेशकांना जाऊन भेटा आणि बोर्डाचा फोटो त्यांच्याकडे ठेवा.

एक मोह सांगून ठेवतो, कारण तो तुम्हाला होणार. दोन-तीन मालकांनी चहाला बसून एकमेकांची पोरं घ्यायची नाहीत आणि अमुक आकड्याच्या वर जायचं नाही असं ठरवायचं. मी अशा एका चहाला गेलो आहे. तिसऱ्याच दिवशी त्यातल्याच एकानं माझा माणूस नेला. स्पर्धा कायद्याच्या दृष्टीनंही असले करार अंगाशी येऊ शकतात.

राजीनामा दिलेल्याला आकडा वाढवून थांबवायचं की नाही? मी सहसा थांबवत नाही. एकदा थांबवला की बाकीच्यांना कळतं, पगार वाढवायचा रस्ता राजीनाम्यातून जातो. अपवाद चार वर्षं पूर्ण केलेल्या माणसाचा. त्याला ग्रॅच्युइटीचा हिशेब दाखवतो, कारण बहुतेकांना तो माहीतच नसतो. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 12,000 असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्रानं 34,600 च्या आसपास होतात. चार वर्षं दोन महिन्यांवर गेला तर ते हुकतात. मग ठरवणं त्याचं. मागच्या वर्षी एकानं कागद घडी करून खिशात ठेवला, घरी बायकोला दाखवतो म्हणाला, आणि तरीही गेला. हैदराबादला चिलरचं काम मिळालं होतं, आणि माझ्या बोर्डावरच्या सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा तो आकडा बराच मोठा होता. तोही वहीत लिहून ठेवला.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच: गेलेल्या पाच जणांना फोन करा. आता तिथं हातात किती येतात, पेट्रोल कोणाचं, एवढंच विचारा, परत ये म्हणू नका. खरे आकडे देणारे पहिले पाच जण तुमच्या फोनमध्ये आधीच सेव्ह आहेत.